कार्ब हीटने धूळ जळत नाही

भाचा ॲरिझोनात सेसना १७२ वर उडायला शिकतोय. ‘धुळीत आणि वणव्याच्या धुरात छोटं विमान उडवण्याच्या पाच युक्त्या’ हा फॉरवर्ड फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने इकडे ढकलला: “मावशी, यातलं खरं किती?” एका युक्तीत अर्धं. बाकी कचरा.

सगळ्यात डोकं फिरवणारी पहिलीच, कार्ब हीटची, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबची. ‘हवेत धूळ असेल तर कार्ब हीट पूर्ण ओढून ठेवा, गरम हवेत धूळ जळून जाते.’ धूळ म्हणजे काय पालापाचोळा आहे? वाळवंटातल्या धुळीत क्वार्ट्झचा चुरा असतो. तो नुसता वितळायलाच सुमारे १७०० अंश सेल्सियस लागतात. कार्ब हीट हवा तापवणार साधारण ५० अंशांनी, तीही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून. मुळात ती नॉब ओढली की हवा फिल्टरमधून येतच नाही. एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून, न गाळता, थेट आत शिरते. म्हणजे ऐन धुळीत गाळणी काढून ठेवायची! तो चुरा सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात मिसळतो आणि पॉलिश पेपरसारखा पिस्टनच्या रिंगा घासत बसतो. मग तेल जास्त लागतं, कॉम्प्रेशन उतरतं. तेलाच्या तपासणीत सिलिकॉन आणि सोबत लोह, क्रोमियम चढलेलं दिसलं की समजायचं, धूळ आत पोचली. रन-अपमधली (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीतली) कार्ब हीटची तपासणीसुद्धा मातीवर नाही, डांबरावर करायची, आणि झटपट.

अर्धं खरं इथेच आहे, नाइलाजाने मान्य करते. हवेत असताना फिल्टर चोंदून इंजिनाचा दम कोंडला, तर कार्ब हीट हीच वाट. १७२ एस या मॉडेलच्या इंजेक्शनवाल्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) इंजिनाला ती नसते. तिथे फिल्टर तुंबला की स्प्रिंगची झडप इंजिनाच्या ओढीने उघडते आणि पूर्ण थ्रॉटलला सुमारे १० टक्के ताकद जाते. काऊल (इंजिनाचं झाकण) काढलं की ती झडप नीट मिटते का ते बघा. फटीतून धूळ जात असेल तर नवा फिल्टर घालून उपयोग शून्य.

‘फिल्टर पेट्रोलने धुऊन तेल लावा.’ कागदी फिल्टरला तेल लावत नाहीत. दाबाची हवा आतून बाहेर मारायची, फाटला असेल तर बदलायचा. संपलं.

‘खाली जमीन दिसतेय ना, मग धुरात जीपीएसवर जा.’ सरळ खाली बघताना धुराचा थर पातळ असतो. समोर तिरकं बघताना तोच कित्येक मैलांचा होतो. वरून धावपट्टी दिसते, फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) गायब. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या उपकरणांवर उडायची सवय नसलेल्या २० जणांचं क्षितिज झाकून बघितलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आणि वणव्यावरचं हवाई क्षेत्र अनेकदा बंद असतं. तिथे घुसलात तर आग विझवणारी विमानंच थांबवावी लागतात.

‘हबूब दिसला तर वरून जा.’ हबूब म्हणजे धुळीची चालून येणारी भिंत. ५ जुलै २०११ ला फीनिक्सवर आलेली भिंत ५ हजार फुटांच्या घरात होती. १७२ एस समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढते, जुलैतल्या उन्हात बरंच कमी. तेवढ्या सात-आठ मिनिटांत ताशी ५० मैलांची भिंत सहा मैल पुढे येते, आणि तिच्यामागे तिला ढकलणारं गडगडाटी वादळ उभं असतं. उतरा, नाक वाऱ्याकडे करा, दोन्ही पंख आणि शेपटी बांधा, हलते भाग जागच्या जागी धरणारं कंट्रोल लॉक लावा.

शेवटची ‘राख कोरड्या फडक्याने पुसा.’ पुसलीत तर ॲक्रिलिकच्या काचेवर ओरखडे. ठेवलीत तर दव पडल्यावर ती अल्कलीयुक्त राख ॲल्युमिनियम खाते. भरपूर पाणी सोडायचं, प्रेशर वॉशर नको. काच ओल्या हाताने, गोल गोल न चोळता. त्याआधी स्टॅटिक पोर्ट (उंची आणि वेग मोजायला बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं) झाकायचे, पण चंदेरी टेपने नाही. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ चे पोर्ट धुलाईनंतर टेपखालीच राहिले होते. उंची आणि वेग खोटे दिसत गेले, ७० माणसं गेली. भडक केशरी टेप घ्या, वीतभर शेपूट लोंबतं ठेवा, आणि काढलेले तुकडे मोजा.