भिंतीचं मॅचिंग

दिवाळीला तीन आठवडे उरले होते, डोंबिवलीत पारा छत्तिशीला टेकला होता, आणि बायकोने जाहीर केलं, "आपला हॉल ऊबदार वाटत नाही."

मी त्या वेळी बनियनवर, मानेभोवती ओला पंचा टाकून पंख्याखाली बसलो होतो. ऊब या विषयावर मलाही दोन शब्द बोलायचे होते, पण लेकीने तेवढ्यात मोबाइल पुढे केला. त्यात कुठल्यातरी थंड देशातला हॉल होता. बाहेर बर्फ, आत शेकोटी, सोफ्यावर लोकरीचं पांघरूण, आणि मागची एकच भिंत गडद विटेच्या रंगाची.

"बाबा, ही अ‍ॅक्सेंट वॉल. तीन भिंती शांत, एक बोलते."

आमच्या घरात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. पण सणासुदीला वाद नको म्हणून मी हो म्हटलं.

आम्ही चाळीत राहत होतो तेव्हा रंग निवडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. गणपतीच्या आधी चुना भिजत पडायचा. पांढरा जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ, आणि अंगाला लागू नये म्हणून डिंक. पुढे बरे दिवस आले तेव्हा डिस्टेंपर आला. वर पोपटी आणि खाली कमरेएवढा ऑइल पेंटचा पट्टा, कारण आम्ही पोरं भिंतीला तेलकट डोकी टेकून अभ्यासाला बसायचो. डोकं टेकतं तिथपर्यंत एक रंग, त्याच्यावर दुसरा. सरळ हिशेब होता.

आता रंगाच्या दुकानातून शेड कार्ड आलं. हे उघडायला सोपं, पण घडी घालायची तर दोन माणसं लागतात. हजाराच्या वर छटा, प्रत्येकीला नंबर आणि इंग्रजी नाव. नाव असं की रंगाचा थांगपत्ता लागू नये. वाळवंटातली सांज म्हणे, दूरचा निरोप म्हणे. दूरचा निरोप मला तरी राखाडी दिसत होता.

आईने चष्मा पुसला आणि कार्ड मांडीवर घेतलं.

"हा आमसुली."

"आजी, त्याला टेराकोटा म्हणतात."

"म्हणजे काय?"

"भाजलेली माती."

"मग कुंडीचा म्हण ना सरळ! हा शेजारचा विटकरी. हा डाळिंबी… छे, डाळिंबीत गुलाबी झाक हवी, हा नुसता गंजका. हा श्रीखंडी. हा अबोली, पण दुसऱ्या दिवशीची. आणि चिंतामणी यात कुठेच नाही."

चिंतामणी रंग नक्की निळ्याकडे झुकतो की जांभळ्याकडे, यावर आमच्या घराण्यात दोन तट आहेत आणि एका लग्नात त्यावरून जेवणं थांबली होती. त्यामुळे मी पटकन विषय बदलला. अर्ध्या तासात आईने त्या कार्डातला सगळा दूरदेश आपल्या कपाटात आणि स्वयंपाकघरात आणून बसवला. बायकोला मात्र विटकरी आणि हळदी यांच्या मधला काहीतरी हवा होता. "ऊबदार, पण भडक नको. समजतंय ना?" मला समजत नव्हतं. तीस सेकंद डोळे बारीक करून मी मान डोलावली.

लेकीने मग साठ-तीस-दहाचा नियम सांगितला. खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, आणि उरलेले दहा टक्के उठाव द्यायला, म्हणजे उशा, फुलदाणी, एखादं चित्र. आम्ही हॉलची मोजदाद केली. साठ टक्के शोकेस आणि त्यातल्या वस्तू, ज्यात बायकोच्या रुखवतातलं मण्यांचं तोरण २००४ पासून सन्मानाने बसलंय. तीस टक्के कपडे वाळत घालायचा स्टँड. उठाव द्यायचं काम निळं प्लास्टिकचं स्टूल, कालनिर्णय आणि जिममध्ये मिळालेली पोपटी बॅग हे तिघे आपापल्या परीने करत होते. भिंत कुठल्याच आकड्यात बसेना.

पेंटर आला. त्याने भिंतीवर टकटक केली, पोपडा काढून दाखवला आणि डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला. "पुट्टी, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. हायलाइटर कुठली भिंत?" आम्ही ज्याला अ‍ॅक्सेंट म्हणून आठवडाभर भांडत होतो त्याला त्याच्या धंद्यात हायलाइटर म्हणतात. "माझं ऐकाल तर ऑफ-व्हाइट मारा, साहेब. त्यावरून कुणाचा संसार मोडलेला मी बघितला नाही."

कुणीच ऐकलं नाही. पण दुकानात मशीनवर एकदा रंग बनवला की डबा परत घेत नाहीत, हे त्याने सांगितल्यावर आम्ही सावध झालो आणि नमुन्याचे छोटे डबे आणले. पेंटरने भिंतीवर सहा चौकोन रंगवले.

इथून माझी झोप उडाली. पहिली गोष्ट, ओला रंग एक आणि वाळलेला दुसराच. दुसरी, चौकोन सकाळी भाकरीसारखे खमंग दिसायचे, दुपारी फिके पडायचे आणि रात्री ट्यूब लावली की काविळीच्या पेशंटसारखे रांगेत उभे राहायचे. तिसरी, विटकरी एकटा पाहिला तर विटकरी, हळदीच्या शेजारी पाहिला तर चक्क जांभूळ.

या तिसऱ्या गोष्टीवर फ्रान्समध्ये मोठं संशोधन झालेलं आहे. मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तिथे विणलेले पडदे बनत, आणि काही पडद्यांतला काळा धागा विटका दिसतो अशी ओरड होती. शेव्हरलसाहेबांनी तपासलं तर रंग ठणठणीत. घोळ शेजारच्या धाग्यांचा होता. शेजार बदलला की डोळ्याला रंग बदललेला दिसतो. हे सगळं त्यांनी १८३९ मध्ये छापलं. मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं.

"पंधरा वर्षं लागली त्यांना?" आई म्हणाली. "मॅचिंग सेंटरच्या पायरीवर उभं राहून ब्लाउजपीस उन्हात धरायचा. दुकानातल्या दिव्यात रंग बघतं का कुणी?"

"अगं, भिंत उन्हात कशी नेणार?"

"ते तुम्ही बघा."

शेवटी मतदान झालं. विटकरीला दोन मतं, हळदीला एक, मी तटस्थ. दहा बाय बाराची भिंत, दोन हात, म्हणून पेंटरने दोन लिटर सांगितले. हाताशी थोडा जास्त असू दे म्हणून मी तीन लिटर बनवून आणला. संध्याकाळी भिंत पूर्ण झाली आणि आम्ही सगळे समोर ओळीने उभे राहिलो. बायकोने ट्यूब लावली.

भिंत कालच्या आमटीच्या रंगाची होती.

कुणी काही बोलेना. पेंटर म्हणाला, "वाळल्यावर उठेल." वाळली. उठली नाही.

लेकीने शोध लावला की दोष भिंतीचा नाही, ट्यूबचा आहे. आमची एलईडी ट्यूब साडेसहा हजार केल्विनची, पांढरीफटक. तिच्या उजेडात निळा ढीगभर आणि लाल देताना हात आखडलेला. दोन हजार सातशेचे पिवळे दिवे लावले तर विटकरी खुलतो. लावले. खरंच खुलला! हॉल असा ऊबदार झाला की मी पंखा पाचवर केला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

दहाव्या मिनिटाला आई सूप घेऊन आली. "या उजेडात तांदळातले खडे दिसतील का? कुणाचा दात पडला म्हणजे कळेल." आणि तिने ट्यूब लावली. तेव्हापासून हॉलमध्ये दोन बटणं आहेत आणि दोन पक्ष. आई उठून आत गेली की पिवळं, आली की पांढरं. भिंत दिवसातून आठ-दहा वेळा विटकरीची आमटी आणि आमटीची विटकरी होते.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न आलं तेव्हा उरलेला लिटरभर रंग आईने बाल्कनीत नेला आणि तुळशीच्या कुंडीला स्वतः दोन हात मारले. पेंटर हिशेबाला आला होता, तो म्हणाला, "आजी, हा आतल्या भिंतीचा रंग. पावसात टिकायचा नाही."

"जूनला सात महिने आहेत अजून," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात मी कुंडी पाहिली. बायकोला हाक मारली. ती चहाचा कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. ऊबदार, पण भडक नाही. नेमका तो रंग, जो ती महिनाभर हातवारे करून सांगत होती.

रविवारी आम्ही सोफा फिरवला. आता भिंतीकडे पाठ करून, बाल्कनीकडे तोंड करून बसतो.