साडेसात अब्ज डॉलर आणि आमचं पातळ झालेलं श्रीखंड

इलेक्ट्रिक गाड्यांचे चार चार्जर होते. पहिल्याचा स्क्रीन काळाठिक्कर. दुसऱ्याची केबलच कोणीतरी कापून नेलेली, तांब्याला भाव आहे म्हणे. तिसरा कार्ड घ्यायचा, दोन मिनिटं विचार करायचा आणि सेशन फेल्ड म्हणून हात झटकायचा. आणि चौथ्यावर एक गृहस्थ सीट मागे पाडून घोरत होते, गाडी ९१ टक्के. ज्यांच्याकडे ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) आहे त्यांना माहितीये की ऐंशीच्या पुढे चार्जिंग म्हणजे घागर भरताना नळाची करंगळी होणं. आम्ही १४ टक्क्यांवर, गाडीत मी, बायको, दोन पोरं, सांगलीहून आलेल्या सासूबाई आणि मागे कूलरमध्ये तीन किलो श्रीखंड. ठिकाण पेनसिल्वेनियातलं कार्लाईल, एका दुकानाच्या पार्किंगचा पार मागचा कोपरा, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मे २०२४, मेमोरियल डेच्या जोडून आलेल्या सुट्टीतला शनिवार.

बॅटरी वाचवायला एसी बंद केला. पाच मिनिटांत पोरांनी डोळे वटारले, दहाव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे लाईट जायची, पण निदान बोर्डाचं वेळापत्रक तरी असायचं हो." मी काही बोललो नाही. काय बोलणार?

हेल्पलाईनवर फोन केला, तिथल्या बाईनी मला चार्जर लांबून रीस्टार्ट करून दिला, तो रीस्टार्ट झाला आणि परत काळा पडला, म्हणजे आधी निदान लोगो तरी दिसत होता. शेवटी घोरणाऱ्या साहेबांच्या काचेवर टकटक केली तर ते म्हणतात मला शंभर करूनच निघायचंय, पुढच्या चार्जरवर माझा भरवसा नाही. आता यावर भांडायचं तरी कसं, माझाही नव्हताच! एक तास चाळीस मिनिटं. न्यूजर्सीतलं एडिसन ते पिट्सबर्ग ३४० मैल, आम्हाला साडेनऊ तास लागले. मित्राच्या वास्तुशांतीला. आमच्यानंतर तासभर उशिरा निघालेला दुसरा मित्र त्याच्या २०११ च्या खटारा पेट्रोल व्हॅनमधून आमच्या आधी तीन तास पोचला आणि व्हॉट्सॅपवर पुरणपोळीचे फोटो टाकत बसला. श्रीखंड पोचलं तेव्हा ते पियुष झालं होतं. वाटीत वाढलं, लोकांनी प्यायलं, कोणी काही म्हणालं नाही, आणि तेच जास्त लागलं.

बरं, हे झालं शनिवारी. रविवारी सकाळी यजमानांकडे चहा घेत टीव्ही लावला तर कोण? तेव्हाच्या बायडन सरकारमधले परिवहन मंत्री पीट बुटिजेज. म्हणजे योगायोगालाही काही लाज असते. मुलाखत घेणारीने थेट विचारलं की बाबा, २०२१ च्या कायद्यात चार्जरसाठी साडेसात अब्ज डॉलर मंजूर झाले, आणि आत्तापर्यंत सात का आठ उभे राहिलेत, हे कसं काय? आणि हा माणूस न अडखळता, केसाची बटसुद्धा न हलता सांगतो की चार्जर उभारणं म्हणजे जमिनीत एक डबडं रोवण्याइतकं सोपं नसतं, ही सरकारी गुंतवणुकीची नवीन प्रकारची कामं आहेत, २०३० पर्यंत पाच लाख होतील. मी चहाचा कप खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं, तिला माहिती असतं आता काय होणार ते.

अहो साडेसात अब्ज! आमच्या भाषेत साडेसातशे कोटी डॉलर! आणि सात स्टेशनं, चार राज्यांत मिळून, सगळी मोजून ३८ गाड्या लागतील एवढी. त्यातलं एक पेनसिल्वेनियातच आहे बरं का, पण पिटस्टनला, म्हणजे स्क्रँटनच्या शेजारी, म्हणजे बायडनच्या जन्मगावाच्या उंबऱ्याशी. योगायोगच असेल. मला काय, मी तिकडून जात नव्हतो.

यजमान डेमोक्रॅट आहे (वास्तुशांतीत राजकारण नको म्हणून ठरलं होतं, चहापर्यंत टिकलं), तो म्हणाला अरे पैसे राज्यांकडे जातात, राज्यं टेंडर काढतात, वेळ लागतो. मान्य. पण अटी कोणी घातल्या? दर ५० मैलांवर एक, हायवेपासून एका मैलाच्या आत, प्रत्येक ठिकाणी चार, प्रत्येकी दीडशे किलोवॅट, वर्षातला ९७ टक्के वेळ चालू पाहिजे, लोखंड अमेरिकन पाहिजे, कामगारांच्या अटी वेगळ्या, मागास वस्त्यांचा हिशेब वेगळा. एकेक अट वाचली की वाटतं बरोबर आहे की, आणि सगळ्या एकत्र केल्या की पहिलं स्टेशन उघडायला दोन वर्षं, डिसेंबर २०२३, ओहायोत. आमच्या गावाकडे सोसायटीची पाण्याची टाकी अशीच बांधली होती, समित्या सात आणि विटा चार.

आणि याच सरकारमधल्या ऊर्जामंत्री ग्रॅनहोम बाईंचं विसरलात का? मी नाही विसरलो. २०२३ च्या उन्हाळ्यात बाई इलेक्ट्रिक गाड्यांचा ताफा घेऊन निघाल्या शार्लट ते मेम्फिस, लोकांना दाखवायला की बघा किती सोप्पंय. जॉर्जियात ऑगस्टाजवळ चार्जर कमी पडणार म्हटल्यावर त्यांच्या माणसांनी काय करावं, तर बाईंसाठी जागा धरायला चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून ठेवली! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना सीटवर, तसं. तान्हं बाळ घेऊन आलेल्या एका कुटुंबाने शेवटी पोलिसांना बोलावलं, आणि पोलीस म्हणाले आम्ही काही करू शकत नाही, इथे तो गुन्हा नाही. मला या सरकारचं वर्णन करायला सांगितलं तर मी दुसरं काही सांगणारच नाही, फक्त ती पेट्रोलची गाडी दाखवीन.

आधी कळस मग पाया, असा यांचा कारभार. मार्च २०२४ मध्ये नियम आणला की २०३२ पर्यंत नव्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक व्हाव्यात असं गणित. मे महिन्यात चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर कर २५ चा १०० टक्के. म्हणजे घ्याच, पण स्वस्त नको, आणि चार्जिंग मागू नका. वर आमचे जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर मर्फी, त्यांनी मार्चमध्येच सही केली की १ जुलैपासून ईव्हीवाल्यांनी वर्षाला २५० डॉलर जादा द्यायचे, पेट्रोलचा कर भरत नाही म्हणून. आधी म्हणायचं पेट्रोल सोडा, पुण्य लागेल, आणि सोडलं की पुण्यावर कर. याच राज्याने दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुकानातल्या प्लास्टिकच्याच काय, मोठ्या दुकानांत कागदाच्याही पिशव्या बंद केल्या, तेव्हापासून आमच्या गॅरेजमध्ये त्या जाड रंगीत 'पुन्हा वापरायच्या' पिशव्या साठल्यात. परवा मोजल्या, ६३ निघाल्या. पुन्हा कोण वापरतंय, त्या कायम घरीच राहतात आणि आपण दुकानात.

आता सुरू झालंच आहे तर होऊन जाऊ दे. महागाई तात्पुरती आहे म्हणून २०२१ मध्ये सांगत होते, ती तात्पुरती जून २०२२ ला ९.१ टक्क्यांवर गेली, पेट्रोल देशभरात सरासरी पाच डॉलरच्या वर. मग औषध काढलं आणि त्याचं नाव ठेवलं महागाई कमी करणारा कायदा, आत सगळं सोलर पॅनेल आणि गाड्यांची सूट. नंतर खुद्द बायडनच म्हणाले हे नाव ठेवायला नको होतं! बारसं झाल्यावर. आणि हल्ली काय, तर चिप्सच्या पाकिटात चिप्स कमी आणि हवा जास्त म्हणून भाषणं, जशी काही ती हवा कंपन्यांनी भरली आणि नोटा मात्र आपोआप छापल्या गेल्या.

विद्यार्थी कर्जांबद्दल तर मी बोलणारच नव्हतो. आम्ही पोरीसाठी जन्मापासून दर महिन्याला ५२९ मध्ये (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) पैसे टाकतोय, त्यापायी हवाईला गेलो नाही, किचन केलं नाही, आणि ज्यांनी कर्ज काढलं त्यांचं माफ. सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये नाही म्हणून सांगितलं, तरी वेगवेगळ्या दारांतून चालूच राहिलं, मे २०२४ मध्ये आणखी ७.७ अब्ज. बघा, माफ करायचं असलं की पैसा लगेच पोचतो, त्याला दीडशे किलोवॅटची अट नसते.

आणि गॅसची शेगडी! जानेवारी २०२३ मध्ये त्या ग्राहक सुरक्षा आयोगातला एक सदस्य बोलून गेला की गॅसच्या शेगड्यांवर बंदीचाही विचार होऊ शकतो, आणि माझं डोकंच फिरलं. पोळी कशावर फुलवायची? वांगं कशावर भाजायचं, इंडक्शनवर? इंडक्शनवर वांगं भाजत नाही, ते शिजतं आणि त्याला भरीत म्हणणं हा गुन्हा आहे, जॉर्जियातसुद्धा असायला पाहिजे. त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये ज्याला त्याला हे सांगत होतो. बायको म्हणते आयोगाच्या अध्यक्षाने दोन दिवसांत सांगितलं की तसं काही नाही, तुझी शेगडी न्यायला कोणी आलं नाही, आणि तसंही तू आयुष्यात वांगं भाजलेलं नाहीस. ठीके. पण न्यूयॉर्कने नव्या इमारतींत गॅस बंद करायचा कायदा केलाच ना? केला. मग!

परतीच्या वाटेवर (या वेळी वाटेत दोनदा थांबलो, घाबरून, ५० टक्क्यांवरच) मी हे सगळं पुन्हा एकदा सासूबाईंना समजावून सांगत होतो, त्यांना बायडन कोण हे नीट माहिती नाही, पण ऐकून घेतात बिचाऱ्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एवढं सगळं माहिती होतं तर ही गाडी घेतलीत कशाला?"

गाडीत शांतता. मग मागून पोरगी म्हणाली, "आजी, साडेसात हजार डॉलर मिळाले ना बाबाला."

मिळाले. हो, मिळाले, घेतले. बायडनच्याच कायद्यातले. एप्रिल २०२३ पासून बॅटरीचे नियम कडक होणार आणि सूट जाईल म्हणून मार्चमध्ये धावतपळत डीलरकडे गेलो, तिथल्या सोफ्यावर बसून हिशेब केला, जर्सीचा सेल्स टॅक्स पण माफ होता, आणि घरी येताना बायकोला म्हणालो की सरकार मूर्ख असेल तर आपण का मूर्ख व्हायचं. हे वाक्य तिने गेल्या तीन दिवसांत मला चार वेळा ऐकवलंय. कार्लाईलला, १४ टक्क्यांवर, पहिल्यांदा.

तिचा भाऊ हा माझा हक्काचा मुद्दा होता. त्याची ग्रीन कार्डची तारीख २०१४ ची, मे २०२४ मध्येही रांग २०१२ च्या तारखांवरच घुटमळत होती, त्याची मुलगी २१ ची झाली की रांगेतून बाहेर. बॉर्डरवरून लाखोंनी लोक आलेले यांना चालतात, आणि कर भरणारा, कागद जपणारा माणूस दहा वर्षं तिष्ठत. २०२१ मध्ये तर या लोकांनी साठ हजारांहून जास्त ग्रीन कार्डं मुदतीत वाटलीच नाहीत म्हणून वाया घालवली. वाया! शिळ्या भातासारखी! हे मी सांगायला लागलो की बायको नेहमी माझ्या बाजूने असते. पण या वेळी तिचा मूड श्रीखंडामुळे गेलेला, ती म्हणाली, तुझ्या लाडक्या ट्रम्पने २०२० च्या जूनमध्ये बाहेरून एच-वन व्हिसावर येणंच बंद केलं होतं, तेव्हा दादा पुण्यात अडकला होता आणि रोज रात्री न्यूजर्सीच्या वेळेने काम करत होता, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं ब्लडप्रेशर? आणि आयकरातली मालमत्ता कराची वजावट दहा हजार डॉलरवर कोणी आणून ठेवली, २०१७ मध्ये?

मी म्हणालो डेमोक्रॅटांनी ती मर्यादा काढतो म्हणून आश्वासन दिलं होतं आणि काढली नाही. हे खरं आहे. पण आवाजात दम नव्हता.

यजमानाचं घर छान आहे, ते सांगायचं राहिलं. कर्ज सात टक्क्यांच्या वर घेतलंय बिचाऱ्याने, आणि तरी तो बायडनच्या बाजूने भांडतो, मानलं पाहिजे. माझं २.८७५ आहे, ते मी तिथे बोललो नाही. निघताना त्याने विचारलं नोव्हेंबरच्या निवडणुकीत काय करणार, मी म्हटलं जर्सीत माझं मत मोजून काय फरक पडतोय, तिथे डेमोक्रॅटांनी दगड उभा केला तरी येतो. तो म्हणाला चार्जर उभा केला तर?

जुलैत नायगारा ठरलंय. बायकोने पेट्रोलची व्हॅन भाड्याने घ्यायची म्हणून सांगून टाकलंय, पैसे त्या साडेसात हजारातून. आत्ता रात्रीचे पावणेबारा, गाडी खाली गॅरेजमध्ये ११ टक्क्यांवर उभी आहे, केबल लावायची राहिलीये आणि केबलपर्यंत जायचं तर त्या ६३ पिशव्या ओलांडून जायचं. सकाळी आठला ऑफिस. जातो.