'पडशील' म्हणण्याआधी एकदा खाली बघा

लहान मुलांना घेऊन बागेत येणाऱ्या सगळ्या आईबाबांशी आणि आजीआजोबांशी आज जरा सविस्तर बोलायचंय. पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्याच पोरांच्या हाडांचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

मुलांच्या खेळण्याच्या जागेत संध्याकाळभर 'पडशील, पडशील' चालू असतं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की 'पडशील', दांडीला लोंबकळलं की 'पडशील', नुसतं पळालं तरी तेच. आणि हे ओरडत असताना आपण स्वतः उभे असतो काँक्रीटवर. आपली काळजी खरी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ती भलत्या ठिकाणी खर्च होतेय, असं मला अगदी मनापासून वाटतं. मूल किती उंच चढलंय यावर सगळ्यांचा डोळा असतो. ते पडलंच तर कशावर आपटेल, हे कुणी बघत नाही.

खेळण्याच्या साधनांवर होणाऱ्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा पडण्याचा असतो. मुलं पडणारच. त्यामुळे खालची जमीन कशी आहे यावर खरचटण्यावर भागणार की डोक्याला मार बसणार, हे बरंचसं ठरतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सार्वजनिक खेळाच्या जागांसाठी पहिली मार्गदर्शिका १९८१ मध्ये काढली. तिच्या पुढच्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की चढायच्या साधनांखाली काँक्रीट, डांबर, साधी माती आणि हिरवळ यातलं काहीच चालत नाही. हो, हिरवळसुद्धा नाही. दिसायला ती मऊ दिसते, पण पायांखाली तुडवली जाऊन खालची माती टणक होते. त्याऐवजी दाबून बसलेली ९ इंच वाळू असेल तर साधारण ४ फुटांवरून पडलेलं मूल वाचतं. तेवढ्याच जाडीचा लाकडाच्या तुकड्यांचा थर असेल तर १० फुटांपर्यंत निभावतं. हा थर वापराने दबतो, म्हणून ९ इंच हवा असेल तर सुरुवातीला १२ इंच भरावा लागतो.

आता पुढच्या वेळी बागेत गेलात की झोक्याच्या बरोबर खाली बघा. पाय घासून घासून तिथे खळगा पडलेला असतो, वाळू दोन्ही बाजूंना उडालेली असते आणि मध्ये खालची कडक जमीन उघडी पडलेली असते. घसरगुंडीच्या तोंडाशीही तेच. म्हणजे मुलं जिथे सर्वांत जास्त आपटतात, नेमका तिथेच थर सर्वांत पातळ. वाळू आणून टाकली म्हणजे काम झालं असं होत नाही, ती नियमित ओढून सारखी करावी लागते. मी तर सरळ बुटाच्या टाचेने उकरून बघते. दोन बोटांवर टणक लागलं की मुलांना त्या साधनाकडे नेत नाही.

दुसरी गोष्ट घसरगुंडीची, आणि ही प्रत्येकापर्यंत पोचायला हवी. छोट्या बाळाला मांडीवर घेऊन घसरू नका. आपल्याला वाटतं, मांडीवर आहे म्हणजे सुरक्षित आहे. होतं उलट. एक ते दोन वर्षांच्या मुलांची नडगी मोडण्याचं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असलेलं कारण आहे. बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या पृष्ठभागावर किंवा कडेला अडकतो. मूल एकटं असेल तर ते तिथेच थांबतं किंवा थोडं वाकडं होतं. मांडीवर असलं की पाय अडकलेला आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन खाली येणारं. पाय पिळवटतो आणि हाड मोडतं. बाळाला घसरायची मजा द्यायचीच असेल तर त्याला खालच्या टोकाजवळ बसवा, आपण बाजूला उभं राहून कमरेला धरा आणि तेवढंच अंतर घसरू द्या. ते तितकंच खिदळतं.

आणि चढण्याचं म्हणाल तर माझा नियम साधा आहे: स्वतः चढता येत नाही तिथे मी उचलून ठेवत नाही. जे मूल आपल्या हातापायांनी वर गेलंय, त्याच्या अंगाला ती उंची माहीत असते. उचलून ठेवलेल्याला नसते. माझी धाकटी हल्ली कमानीच्या शिडीवर जाते. चढताना सुसाट. उतरताना मात्र दोन्ही हातांनी वरची दांडी गच्च धरते, एक पाय खाली सोडते आणि अंगठ्याने हवेत पायरी चाचपते. सापडत नाही. पाय परत वर घेते, जरा डावीकडे सरकते, पुन्हा सोडते. परवा शेजारचे एक आजोबा कळवळून म्हणाले, "अगं, धर तिला!" मी म्हटलं, "आजोबा, मी इथेच उभी आहे, तिला शोधू द्या." आणि सापडली की पायरी! तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते मी पाय धरून पायरीवर टेकवला असता तर दिसलं नसतं. आजोबांचा कळवळा मला समजतो. पण मी हातभर अंतरावर असताना आणि खाली चांगला थर असताना हे शोधायचं काम तिचंच आहे.

झोका, गोल चक्री, उलटं लोंबकळणं यांचंही तसंच. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं फिरलं की तो द्रव हलतो आणि डोकं कुठल्या दिशेने वळतंय ते मेंदूला कळतं. 'अजून, अजून' करणारं मूल हट्ट करतंय असं आपल्याला वाटतं, पण त्याचं शरीर तोल शिकत असतं.

काही गोष्टींत मात्र मी अजिबात ढिली नाही. टोपीला नाडी असलेले कपडे, गळ्यातली दोरी, सायकलचं हेल्मेट हे सगळं साधनावर जाण्याआधी उतरवायचं, कारण ते अडकून गळा आवळला जाऊ शकतो. उन्हात पत्र्याची घसरगुंडी आधी आपल्या हाताने तपासायची. प्लास्टिक आणि रबरी फरशीसुद्धा चटका देतात, हे विसरू नका. आणि हलत्या झोक्याच्या पुढून-मागून कुणी जायचं नाही. यावर मी ओरडते आणि ओरडत राहीन.

बाग तयार करणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. पैसा बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर जातो: रंगीत किल्ला, हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी, कमान. आल्डो व्हॅन आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून तीन दशकं अॅमस्टरडॅममध्ये सातशेहून अधिक खेळाच्या जागा केल्या. त्यांत काय असायचं? वाळूचा चौक, उड्या मारायला दगडी ठोकळे, कोलांट्यांसाठी लोखंडी दांड्या. मोकळ्या पडलेल्या जागा शोधून तिथे हे बसवलं. ठोकळ्याचं घर करायचं की बेट, ते मुलं ठरवायची. मला वाटतं, एक खोल, स्वच्छ वाळूचा चौक दहा रंगीत किल्ल्यांना पुरून उरतो.

खेळणं हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात लिहिलेलं आहे. तेव्हा बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे मागणी करताना संकोच कसला? फक्त 'बाग नीट ठेवा' असं मोघम लिहू नका. कुठल्या साधनाखाली काय आहे, पट्टी लावून थर किती इंच भरला, साधनाची उंची किती, हे फोटोसकट लिहा आणि झोक्याखालची वाळू किती दिवसांनी ओढली जाणार ते लेखी मागा. चार पालकांच्या सह्या असल्या तर उत्तम. आमच्याकडे आम्ही असाच अर्ज तयार केलाय. नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.