बाई औषधालाही नाही, म्हणून काय झालं?

जुन्या समुद्रकादंबऱ्यांबद्दल एक मत सध्या फार फिरतंय. त्यांत बाई औषधालाही नसते, मग लिंगभाव आणि कामना शोधणं म्हणजे निव्वळ बादरायण संबंध. क्विअर सिद्धान्तवाल्यांनी, म्हणजे साहित्यात समलिंगी कामना आणि लिंगभाव शोधणाऱ्या समीक्षकांनी, आजची डोकी जुन्या खलाशांच्या धडांवर बसवली आहेत, असं त्यांचं म्हणणं. उदाहरण बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल याचं असतं, तेव्हा त्याच्यापुरतंच बोलू.

बाई नाही तर लिंगभाव कसला, हा पहिला मुद्दा. लिंगभाव हा फक्त बायकांचा प्रांत, हे कुणी ठरवलं? त्याच्या देवमाशाच्या शिकारीवरच्या 'मोबी-डिक' कादंबरीचं (१८५१) ९५वं प्रकरण उघडा. देवमाशाच्या चरबीचे पातळ काप करणारा खलाशी आधी त्या माशाचं लिंग सोलतो. ती कातडी उलटी करून ताणतो, दोरखंडांवर वाळत टाकतो, टोकाकडून तीनेक फूट कापतो, हातांसाठी दोन भोकं पाडतो आणि अंगात घालून कामाला उभा राहतो. वर मेलव्हिल म्हणतो, काय आर्चबिशप शोभेल हा! त्या कापांना खलाशी म्हणतातही 'बायबलची पानं'. पुरुषत्व हा अंगावर चढवायचा झगा आहे, हे सांगायला त्याला कुठल्या सिद्धान्ताची वाट पाहावी लागली नव्हती. आणि अख्ख्या प्रकरणात त्या अवयवाचं साधं नाव घेतलेलं नाही, हे तर आणखीच बोलकं.

दुसरा मुद्दा बिछान्याचा. 'मोबी-डिक'चा निवेदक इश्माएल आणि दूरच्या बेटावरून आलेला हार्पूनवाला क्वीक्वेग एका बिछान्यात झोपतात, पण त्या काळी खानावळीत अनोळखी माणसंही एकत्र झोपत, यात विशेष काय? खरं आहे. नुसत्या बिछान्यावरून सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांचं मलाही पटत नाही. पण सकाळी क्वीक्वेगचा हात अंगावर पाहून 'मी जणू त्याची बायकोच' असं इश्माएल म्हणतो. पुढे क्वीक्वेग कपाळाला कपाळ लावून 'आता आपलं लग्न झालं' असं सांगतो. त्याच्या देशात याचा अर्थ जिवलग मित्र, असा खुलासा मेलव्हिल लगेच जोडतो खरा. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी ही जोडी 'मनांच्या मधुचंद्रात' पहुडलेली आहे. खुलासा करून पुन्हा लग्नाच्याच भाषेत का शिरायचं? वाद या शब्दांवर आहे, खाटेवर नाही.

तिसरा मुद्दा: समलैंगिकतेला तेव्हा शब्दच नव्हता. 'होमोसेक्शुअल' हा शब्द जर्मनमध्ये १८६९ साली छापला गेला, कबूल. फाशी मात्र त्याआधीपासून होती. ब्रिटिश नौदलाच्या १७४९च्या कायद्यात या संबंधांना मृत्युदंड होता आणि १८१६ साली 'आफ्रिकेन' जहाजावरच्या चौघांना त्यासाठी लटकवलं गेलं. मेलव्हिल स्वतः अमेरिकन युद्धनौकेवर खलाशी होता. १८५०च्या 'व्हाइट-जॅकेट' कादंबरीत तो युद्धनौकांना लाकडी भिंतींचे गमोरा म्हणतो. गमोरा म्हणजे बायबलमधलं, पापांपायी देवानं नष्ट केलेलं आणि समलिंगी संबंधांशी जोडलं जाणारं शहर. बायबल वाचलेल्या वाचकाला याहून उघड काय सांगायचं?

राहिली 'बिली बड', युद्धनौकेवरच्या एका देखण्या तरुण खलाशाची कथा. मेलव्हिल १८९१ साली वारला, ही कथा छापली गेली १९२४ साली. क्विअर सिद्धान्ताची अमेरिकन अभ्यासक ईव्ह कोसोफ्स्की सेज्विक हिनं १९९०च्या पुस्तकात तिच्यावर मोठं प्रकरण लिहिलं, त्यावरून फार दात-ओठ खाल्ले जातात. ते बाजूला ठेवा, फक्त सुपाचा प्रसंग वाचा. जहाज हेलकावतं आणि देखण्या बिलीच्या हातून नुकत्याच घासलेल्या डेकवर सूप सांडतं. जहाजावरचा पोलीस अंमलदार क्लॅगर्ट काही न बोलता पुढे जाणार, तोच हे कुणी सांडलं ते त्याला दिसतं. तो डाफरणार, पण स्वतःला आवरतो. मग छडीनं बिलीला मागून हलकेच टिचकी मारतो, त्याच्या देखणेपणावर खालच्या, गोड आवाजात कोटी करतो. लगेच एक ढोल वाजवणारा पोरगा त्याच्यावर आदळतो, तर त्याच छडीचा सणसणीत फटका त्याला बसतो. पुढे बिलीकडे पाहताना याच क्लॅगर्टचे डोळे भरून येतात. निवेदक म्हणतो, नियती आणि बंदी आड आली नसती तर त्यानं बिलीवर प्रेमही केलं असतं.

'बंदी' हा शब्द मेलव्हिलचा आहे. कशावरची बंदी, ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं.