उंच फिश टँक विकून टाका म्हणे! काहून?

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, तुमच्याकडेही आलाच असेल. उंच फिश टँक म्हणजे निव्वळ शो, खाली ऑक्सिजन पोचत नाही, झाडं जगत नाहीत, एंजल सोडून दुसरा मासा राहत नाही, साफसफाई तं होतच नाही, म्हणून विका अन् आडवा घ्या. लोकांनी न वाचताच पुढे ढकलला.

पहिले ऑक्सिजनचं बघू, कारण यात अर्धी गोष्ट खरी आहे. हवा पाण्यात शिरते ती वरच्या तोंडातून. एक बाय एक फुटाचं बूड अन् दोन फूट उंची घ्या, नाहीतर दोन बाय एक बाय एक असा आडवा घ्या, पाणी दोन्हीत साधारण ५६ लिटरच, पण हवेला लागणारं तोंड उंचात बरोब्बर अर्धं. म्हणून उंच टँकमधले मासे लिटरवर मोजायचे नाहीत, तोंडावर मोजायचे. आडव्यात दहा सोडत असाल तर इथं पाचच सोडा, एवढंच. पण खाली "पोचत नाही" हे कुठून काढलं? एअर स्टोन, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, पार तळाला टाका. बुडबुडे स्वतः फार काही ऑक्सिजन देत नाहीत, ते खालचं पाणी ओढत वर नेतात अन् वरचा थर हलवतात, खरं काम ते आहे. लोक स्टोन मधातच लटकवून ठेवतात, खाली उरलेलं खाणं सडते, अन् मग नाव उंचीचं.

आपल्याकडे खरी भानगड मे महिन्याची आहे, त्यावर मेसेजमध्ये एक शब्द नाही! २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावते, ३५ अंशाला ७ च्या आसपास, अन् गरम पाण्यात माशाला उलट जास्त लागते. त्यात लाइन गेली की पंप बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तं समजायचं की ऑक्सिजन कमी पडला, कारण रात्रभर झाडंही ऑक्सिजन खातात. बॅटरीवाला छोटा पंप घेऊन ठेवा, नसेल तं गडव्यानं टँकमधलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत सोडत राहा, अन् लाइन येईपर्यंत खायला टाकू नका. हे आडव्या टँकलाही लागू आहे बरं.

झाडं जगत नाहीत म्हणे. वरचा लाइट तळापर्यंत कमी पोचते हे मान्य, मग तळाला बुटकी, उजेडखाऊ झाडं लावायचीच काहून? व्हॅलिस्नेरिया लावा, त्याच्या रिबिनीसारख्या पट्ट्या वाढत वाढत पार वरपर्यंत जातात अन् मग पाण्यावर आडव्या पसरतात. जावा फर्न, अनुबियास लाकडाला दोऱ्यानं बांधून मधात अडकवा, फक्त त्यांचं जाड खोड रेतीत गाडू नका, सडते. अन् सगळ्यात स्वस्त म्हणजे घरचा मनीप्लांट, पानं बाहेर अन् मुळं पाण्यात, माशाच्या घाणीतून होणारं नायट्रेट तो मस्त खाते.

एंजलचं म्हणाल तं तो उंच टँकचाच मासा आहे, वरखालचे पर धरले तं लांबीपेक्षा उंचीच जास्त भरते त्याची. पण दीड बाय दीड बाय दोन फुटाच्या टँकमध्ये जोडीच ठेवा, अन् सोबत बारके निऑन टेट्रा मासे ठेवू नका, मोठा झाला की गिळते. एंजल नको असेल तं गुरामी घ्या. आपल्या तळ्यातल्या मरळीसारखा तोही वर येऊन थेट हवा घेते, म्हणून टँकच्या लहान तोंडाचं त्याला फारसं काही वाटत नाही. विहिरीत डासांसाठी सोडतात ते गप्पीही चालतात, फक्त पिल्लं आवरा. झेब्रा मासा अन् गोल्डफिश मात्र खरंच नको, झेब्र्याला सरळ धावायला लांबी लागते अन् गोल्डफिश घाण लय करते.

साफसफाईत एकच त्रास, हात बुडत नाही. लांब दांडीचा ब्रश अन् मॅग्नेटवाला घासण्या, बस. सायफनचा, म्हणजे पाणी खाली ओढून काढायचा पाइप तं उंचीमुळे उलट जोरात ओढते, तेच पाणी सांदवाडीतल्या मिरचीला सोडा.

मेसेजवाल्यानं जे सांगायला पाहिजे होतं तेच सांगितलं नाही. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरते, रुंदीवर नाही. दोन फूट उंचीला गावातला काचवाला पातळ काच लावून देत असेल तं घेऊ नका, १० मिलिमीटर मागा. वर सांगितलेल्या दीड बाय दीड बाय दोनच्या टँकमध्ये पाणीच सव्वाशे किलोच्या वर भरते, रेती-काच वेगळी, म्हणून खाली डुगडुगता स्टूल नको, लेव्हल पाहून भक्कम लोखंडी स्टँड घ्या अन् पोरं धक्का मारतील अशा वाटेत ठेवू नका.

एवढ्यावरही कोणाला विकायचाच असेल तं विका, पण भाव सांगायच्या आधी काच किती जाडीची आहे ते सांगा.