वाहक वळू म्हणजे बाद वळू नव्हे

गुरांच्या आनुवंशिक दोषांवरच्या लेखातलं 'एकही वाहक जनावर कळपात ठेवू नका' हे वाक्य पटलं नाही. वाहक गाय, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली गाय, स्वतः पूर्ण निरोगी असते. तिला सदोष जनुक नसलेला वळू लावला, तर एकही वासरू बाधित निघत नाही, फक्त साधारण निम्मी वाहक निघतात. दोन्ही बाजू वाहक असतील तरच चारात एक बाधित होण्याची शक्यता. अमेरिकेत २००८ मध्ये अँगस या मांसासाठीच्या जातीच्या गुरांत वाकड्या पाठीची, आखडलेल्या पायांची मेलेली वासरं जन्मू लागली आणि माग 'जीएआर प्रिसिजन १६८०' या गाजलेल्या वळूपर्यंत गेला. तेव्हा सगळे वाहक काढून टाकले असते, तर मांसाच्या प्रतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं चांगलं रक्तही गेलं असतं. डीएनए चाचणी आली आणि जोड्या जपून लावता आल्या. त्याआधी वळू निर्दोष आहे याची ९९ टक्के खात्री हवी असेल, तर तो त्याच्याच सुमारे ३५ मुलींना लावून बघावा लागे!

कृत्रिम रेतनाच्या वळूला मात्र ही सूट नको, त्याची वासरं हजारोंनी होतात. आमच्याकडे होल्स्टीनच्या संकरित गायी आहेत. गावात रेतकांडीवरचा (गोठवलेल्या रेताच्या नळीवरचा) वळू क्रमांक कुणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे कालवडीला नकळत बापाचंच रेत जातं आणि तो वाहक असेल तर बाधित वासराचा धोका येतो. लेखात नोंदवहीबद्दल एक ओळही नाही, आणि खरी गरज तिचीच आहे.