उखळात डोकं

मोजा घालायला शौर्य लागतं, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. उजवा गुडघा पोटाशी घेतला की जांघेत, पार आत, कुणीतरी दारात पाय घालून दार अडवल्यासारखं व्हायचं. मग मी मोजा जमिनीवर तोंड उघडा करून ठेवायचो आणि पाय आपण होऊन त्यात शिरेल म्हणून वाट बघायचो. शिरला नाही.

"कुठं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं. अंगठा मागं, बोटं पुढं, असा मी खुबा पंजात धरून दाखवला. डॉक्टर एकदम खूश. "हीच ती 'सी'ची खूण! खुब्याचे पेशंट असाच हात धरतात." अभ्यास न करता उत्तर बरोबर आल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. मग त्यांनी माझा गुडघा छातीकडे दुमडून आत वळवला. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "छान," ते म्हणाले.

एक्स-रेच्या टेबलावरच्या मुलानं पायाचे अंगठे एकमेकांकडे वळवायला लावले. "अजून आत. १५ अंश. बस्स, हलू नका." नंतर गुडघे बाहेर पाडून बेडकासारखं झोपायला सांगितलं. या वयात, या कपड्यांत!

फिल्म उजेडावर लागली. शाळेत 'उखळीचा सांधा' पाठ केला होता, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. कमरेच्या हाडाला उखळ आणि मांडीच्या हाडाला डोकं. म्हणजे जन्मापासून आपलं डोकं उखळातच असतं, वर मुसळाला भ्यायचं नाही म्हणतात. बाकी आमचं उखळ पांढरं झालं ते या फिल्मवरच.

"हाडाचं डोकं संपून मान सुरू होते ना, तिथं खोलगट हवं. तुमच्याकडे उंचवटा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोक्यावर एक वर्तुळ बसवलं. मध्यातून एक रेघ मानेच्या आसावर, दुसरी हाड वर्तुळाबाहेर पडतं तिथपर्यंत. मधला कोन अल्फा. माझा ६२ निघाला. भूमितीत एवढे गुण मला कधीच नव्हते, म्हणून मी जरा हरखलो. पण साधारण ५५-६०च्या पुढं गेला की त्याला 'कॅम' म्हणतात. इंजिनातला तो वाकडा गोल तुकडा, फिरताना शेजाऱ्याला ढोसतो, तो. जुने डॉक्टर अशा हाडाला पिस्तुलाच्या मुठीची उपमा देतात. इतकी वर्षं मी सशस्त्र हिंडत होतो आणि रांगेत कुणीही मला मागं ढकलत होतं.

'पिन्सर' हा दुसरा प्रकार. त्यात उखळीचीच कड पुढं आलेली असते. तो मला नव्हता. उगाच वाईट वाटलं.

हाडावर हाड घासून कूर्चा झिजते, हा विचार राइनहोल्ड गांझ या स्विस हाडांच्या सर्जननं आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ठामपणे मांडला. माझी झिजली का, ते पाहायला एमआरआय. अंगठी, पट्टा, चष्मा सगळं काढून घेतलं आणि मला नळीत सरकवलं. आत शेजारच्यांनी फरशी फोडायला काढल्यासारखा आवाज. "अजिबात हलायचं नाही" हे ऐकताक्षणी नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. ती वीस मिनिटं खुबा दुखत होता की नाही, आठवत नाही. नाक आठवतं.

उखळीच्या काठावरच्या रबरासारख्या कडीला, म्हणजे लॅब्रमला, बारीक चीर निघाली. "हा उंचवटा वाढीच्या वयात दणकून खेळलेल्यांत जास्त दिसतो," डॉक्टर म्हणाले. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"काय खेळायचात हो तुम्ही?"

"कॅरम," मी खरं सांगितलं.

डॉक्टरांनी व्यायाम दिले, खोल सोफा बंद केला. "ऑपरेशनची घाई नको. काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत असंच हाड सापडतं. हे बघा, तुमच्या डाव्या खुब्यालाही तस्साच उंचवटा आहे. तो कुठं दुखतोय?"

हे त्यांनी सांगायला नको होतं. परवा व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या बाजूला त्रास आहे?" माझे दोन्ही पंजे 'सी' करून दोन्ही खुब्यांवर गेले.